सेकंदाला पन्नास

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत काकांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पाटी नव्हती. मागचं कव्हर काढलेले टीव्ही भिंतीला लावून एकावर एक रचलेले असायचे. त्यांच्यातून वाट काढत आत गेलं की टेबल, टेबलावर सोल्डरिंगचा धूर आणि त्यामागे काका. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि टीव्ही म्हटला की आमच्याकडे आधी व्हिडिओकॉनच डोळ्यांसमोर यायचा, कारण तो आपल्या पैठण रोडवर, चितेगावला बनायचा. काकांनी तरुणपणी त्या कारखान्यात काही वर्षं काढली होती. पिक्चर ट्यूबवर लाल, हिरवा आणि निळा रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, हे तिथलं त्यांचं काम. ती शिस्त त्यांनी दुकानातही सोडली नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दुरुस्त झालेला टीव्ही रंगीत पट्ट्यांवर लावून, डोळे बारीक करून ते बघत बसायचे आणि मगच कव्हरचे स्क्रू आवळायचे.

दुकानाच्या पुढच्या भागात काकू बसायच्या. तो भाग व्हिडिओ गेमचा. एक टीव्ही, एक गेमचा डबा, दोन रिमोट आणि फळीवर पिवळ्या, लाल, काळ्या कॅसेटींची रांग. तासाला पाच रुपये. नव्वदीच्या दशकात शहरात अशी दुकानं गल्लोगल्ली होती, पण काकूंच्या हिशेबाची गोष्ट वेगळी होती. लाईट गेली की त्या घड्याळ बघून वहीत खूण करायच्या आणि लाईट आल्यावर उरलेली मिनिटं परत द्यायच्या. कॉन्ट्राच्या आठव्या स्टेजपर्यंत पोचलेलं पोरगं अंधारात रडवेलं झालं, तर गेलेली स्टेज त्या परत आणू शकत नव्हत्या, पण पाच रुपयांचा तास मात्र कधी बुडू द्यायच्या नाहीत.

माझ्याकडे पाच रुपये क्वचितच असायचे. मी दाराशी उभा राहून बघायचो. काकूंनी मला आत बोलावून फुकट बसवलं असतं, तर मी दुसऱ्या दिवसापासून लाजून गेलो नसतो. त्यांनी माझ्या हातात खोडरबर दिलं. म्हणाल्या, "ह्या कॅसेटी पुसून दे. दहा पुसल्या की अर्धा तास खेळ." कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्या काळ्या पडल्या की डब्याला काही वाचता येत नाही आणि पडद्यावर नुसती रंगीबेरंगी रांगोळी उमटते. सगळी मुलं अशा वेळी कॅसेटमध्ये फुंकर मारायची. काका आतून ओरडायचे, "फुंकू नका रे, थुंकी जाते, पट्ट्या गंजतात!" खोडरबर एकाच दिशेनं ओढायचं, चुरा ब्रशनं झाडायचा, मग कापडाला स्पिरिट लावून एकदा फिरवायचं आणि वाळू द्यायचं. पट्टीचा रंग तपकिरीवरून सोनेरी होताना दिसला की पुढची कॅसेट. इलेक्ट्रॉनिक्समधलं माझं पहिलं शिक्षण ते. पुढे मी डिप्लोमा केला, वाळूज एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला लागलो, आजही घर त्यावरच चालतं. त्याची सुरुवात काकूंनी दिलेल्या त्या खोडरबरापासून आहे, हे मी माझ्या मुलांना सांगत असतो.

एकदा काकांनी तो गेमचा डबा माझ्यासमोर उघडला. आत एवढंसं सर्किट, आणि मधोमध काळ्या डांबरासारखा एक गोल थेंब. "सगळा खेळ ह्याच्या खाली आहे," ते म्हणाले, "हा गेला की संपलं. बाकी वायरी, बटणं, रबर, ते आपल्या हातात." त्या थेंबाखाली काय होतं, ते मला कितीतरी वर्षांनी समजलं. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोनं फॅमिकॉम नावाचा डबा काढला होता. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. मेंदूचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाला मेमरी २ किलोबाइट. आज मोबाईलवर आलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते, आणि तेवढ्यात त्या लोकांनी मारियो पळवला, कॉन्ट्राचे दोन शिपाई जंगलात उतरवले. आमच्या दुकानातला डबा ही त्याची नक्कल. कॅसेटीही नकलाच. आमच्या पाच रुपयांतला एक पैसाही उएमुरांपर्यंत किंवा कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीपर्यंत गेला नाही. काकांना ते ठाऊक नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. बाजारात जे यायचं ते यायचं.

मग सपाट टीव्ही आले. त्यात पॅनेल गेलं की दुरुस्ती नाही, बदलायचंच, आणि नव्या पॅनेलची किंमत टीव्हीच्या जवळ जाते. काकांनी दुकान बंद केलं आणि दोघं शहरातल्याच सातारा परिसरातल्या फ्लॅटवर राहायला गेले. मुलगा पुण्यात. मी दिवाळीला, गुढीपाडव्याला जात असे. अशाच एका भेटीत काकांनी कपाटावरचं खोकं काढून दाखवलं. आत दुकानातल्या कॅसेटी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि मुलाचं जुनं प्लेस्टेशन २, त्याच्या डिस्कसकट. प्लेस्टेशनची लेन्स गेलेली होती आणि दुकानातला गेमचा डबा केव्हाच बंद पडला होता. काका म्हणाले, "तो टँकचा गेम आता कुठं खेळायला मिळतो का रे?"

आयुष्यभर या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मल्टिमीटर दिला तेव्हा पैसे घेतले नाहीत. डिप्लोमाच्या वर्षांत संध्याकाळी टेबलाशी बसू दिलं, जळालेले फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर ओळखायला शिकवलं, त्याची कधी आठवणही करून दिली नाही. मी तिथंच ठरवलं, की नुसता टँक चालवायचा नाही, या खोक्यातलं सगळं चालवायचं.

फॅमिकॉमचा गेम आज इम्युलेटरच्या जोरावर कुठल्याही साध्या मोबाईलवर चालतो. खर्च वाढवतं ते प्लेस्टेशन २. इम्युलेटर म्हणजे एका यंत्राच्या आत दुसऱ्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्राम. जुन्या यंत्रातली एकेक चिप काय करते, केव्हा करते, कुणासाठी थांबते, हे सगळं त्याला क्षणाक्षणाला बजावावं लागतं. म्हणून मूळ यंत्र दुबळं असलं तरी सोंग घेणारं यंत्र त्याच्या अनेक पट तगडं लागतं. आणि हे काम दहा कोरमध्ये वाटून देता येत नाही, कारण एका चिपचं पुढचं पाऊल दुसरीच्या मागच्या पावलावर अवलंबून असतं. त्यामुळे कमी पैशांत मशीन बांधायचं तर कोर मोजत बसू नये, एका कोरचा वेग बघावा. दुकानदार तुम्हाला आकड्यांनी भुलवतील, आठ कोर म्हणतील, जुना सर्व्हरचा प्रोसेसर पुढे करतील. तो घेऊ नये.

सिडकोतल्या कॅनॉटला एका दुकानात ऑफिसांतून बदलून आलेले संगणक रांगेनं लावलेले होते. कंपन्या चार-पाच वर्षांनी सगळी मशीनं एकदम काढतात, ती अशी बाजारात येतात. त्यातून मी डेलचं एक बुटकं ऑप्टिप्लेक्स निवडलं. आत इंटेलचा २०१३ सालचा आय-फाइव्ह ४५७०, चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली की एका कोरवर ३.६. याच पिढीपासून इंटेलनं प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ नावाच्या आज्ञा दिल्या आणि प्लेस्टेशन २ च्या इम्युलेटरला त्यांचा चांगला उपयोग होतो. एक पिढी मागचं मशीन हजार रुपयांनी स्वस्त मिळत होतं, तरी मी हेच घेतलं. रॅम ८ जीबी, शिवाय डीव्हीडी ड्राईव्ह, जो आता नव्या मशीनांत दिसत नाही आणि मला डिस्कसाठी हवाच होता. दुकानातल्या मुलानं मला माझा पेन ड्राईव्ह लावून तासभर मशीन तापवून बघू दिलं, चहाही पाजला. ते साडेसहा हजारांना पडलं.

ग्राफिक कार्डाशी मात्र जपून राहावं लागतं. बुटक्या डब्याचा एसएमपीएस २५५ वॅटचा, त्याची जोडणी डेलची स्वतःची, म्हणजे बाजारातला मोठा एसएमपीएस आणून बसवता येत नाही. तेव्हा बाहेरून वीज न मागणारं, उंचीला निम्मं असलेलं कार्डच चालतं. एनव्हिडियाचं जीटी १०३० त्यात बसतं. ३० वॅटवर भागतं, स्लॉटमधूनच वीज घेतं. पण याच नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. २०१७ साली आलेल्या पहिल्यात जीडीडीआर-५ मेमरी आहे. वर्षभरानं आलेल्या दुसऱ्यात साधी डीडीआर-४ आहे आणि तिचा वेग पहिलीच्या जेमतेम एक तृतीयांश. खोक्यावर नाव तेच, चित्रही जवळपास तेच. जो कुणी असं मशीन बांधायला घेईल त्याला माझं हात जोडून सांगणं आहे, की बारीक अक्षरातली मेमरीची ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मला सेकंड हँड चांगलं कार्ड साडेचार हजारांना मिळालं. एसएसडी, पैठण गेटला घेतलेला डिस्प्लेपोर्टचा एचडीएमआय करणारा कनेक्टर आणि दोन यूएसबी रिमोट धरून सगळा हिशेब पंधरा हजारांच्या आत बसला.

मशीन मी काकांकडेच बांधलं. डायनिंग टेबलावर काकूंनी पेपर अंथरला. काकांनी चष्मा लावला आणि झाकण निघताच पहिल्यांदा नाक जवळ नेलं. "एसएमपीएस आधी बघ. वास येतोय का? कॅपॅसिटरची डोकी फुगलीत का?" कॅपॅसिटर सपाट होते. पंखा काढला तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. काकांनी ती कापडानं घासून काढली, नवी पेस्ट वाटाण्याएवढी टाकली आणि चारही स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. मदरबोर्डवरचा चपटा सेलही त्यांनी बदलायला लावला. त्यांचा हात आता किंचित थरथरतो. स्क्रूला ड्रायव्हर लागेपर्यंत थरथर असते, लागला की थांबते.

इम्युलेटरला लागणारा प्लेस्टेशन २ चा बायोस, म्हणजे यंत्र चालू करणारा त्याचा मूळ प्रोग्राम, आम्ही त्यांच्या मुलाच्या यंत्रातूनच काढला. लेन्स नसली तरी ते मेमरी कार्डावरून चालू करता येतं. डिस्क संगणकाच्या डीव्हीडीत वाचून घेतल्या. कॅसेटींसाठी आर्डुइनो मेगाच्या बोर्डावर बेतलेला एक रीडर वापरला. त्याचे नकाशे आणि प्रोग्राम कुणालाही मोकळे आहेत, फॅमिकॉमच्या कॅसेटीची साठ पिनांची खाच वेगळी जोडावी लागते. कॅसेटी वाचायला लावण्याआधी काकांनी माझ्यापुढे काय ठेवलं असेल? खोडरबर आणि स्पिरिट.

हे सगळं ज्यांच्या जोरावर चाललं, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पीसीएसएक्स-२ हा प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर वीस वर्षांहून अधिक काळ जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात लिहीत आले आहेत. बटोसेरा ही पेन ड्राईव्हवरून चालणारी अख्खी प्रणाली फुकट मिळते. आणि निअर. आधी ब्यू या नावानं ओळखली जाणारी ही व्यक्ती २००४ पासून सुपर निन्टेन्डोचा बीस्नेस नावाचा इम्युलेटर लिहीत होती. बाकीचे लोक गेम चालला की समाधान मानत. निअरचा हट्ट असा, की मूळ यंत्र जे करतं तेच आणि त्याच क्षणी झालं पाहिजे. साडेतीन मेगाहर्ट्झच्या त्या यंत्राचं इतकं अचूक सोंग वठवायला तीन गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, हे निअरनं २०११ साली एका लेखात सविस्तर मांडलं होतं. मी प्रोसेसर कसा निवडायचा ते शिकलो त्यात त्या लेखाचा वाटा आहे. जगभरातून मूळ कॅसेटी मिळवून त्यांची अचूक नोंद करण्यात निअरनं वर्षं घालवली. जून २०२१ मध्ये निअरचा मृत्यू झाला. मी कधी एक ओळ लिहून आभार मानले नव्हते, आणि आता ते पोचवायला पत्ता उरलेला नाही.

टीव्हीवर टँक पहिल्यांदा लागला, तेव्हा काका दोन मिनिटं खेळले आणि रिमोट खाली ठेवून म्हणाले, "हे पळतंय."

मला काही वेगळं वाटत नव्हतं. ते म्हणाले, "सुरुवातीचं गाणं ऐक. सूर तोच आहे, चाल जलद आहे." पुन्हा लावलं, आणि मला ते ऐकू आलं.

कारण साधं आहे, पण ते कानानं पकडायला चितेगावच्या लाईनवर उभं राहिलेला माणूस लागला. जपान आणि अमेरिकेतले जुने टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवत, आपल्याकडचे पाल पद्धतीचे पन्नास. हे गेम वेळ मोजतात ते चित्रांवर. एक चित्र, टँक एक पाऊल, गाणं एक पाऊल. साठावर चालणारा गेम पन्नासाच्या टीव्हीवर लावला की सगळंच एक षष्ठांशानं सावकाश होतं. आवाजाची उंची चिपच्या घड्याळावर ठरते, म्हणून सूर जवळपास तोच राहतो. पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकली डब्यांचं हे खास वागणं होतं. आमचा टँक, आमचा मारियो, आमचा कॉन्ट्रा जपानी मुलांपेक्षा हळू चालत होता आणि आम्हाला तोच वेग खरा वाटत होता. इम्युलेटर मात्र मूळ जपानी वेगानं चालत होता.

मी सेटिंगमध्ये प्रदेशाचा पर्याय उघडला. तिथं जपान-अमेरिका होतं, युरोप होतं आणि त्याखाली तिसरं नाव होतं, डेंडी. डेंडी हा १९९२ पासून रशियात विकला गेलेला असाच एक नकली डबा. युरोपच्या अस्सल निन्टेन्डोचं घड्याळ आणखी वेगळं, आपल्यासारख्या नकली डब्यांचं वेगळं. रशियातल्या आणि इतर ठिकाणच्या लोकांनी त्या नकली चिपा मोजल्या, त्यांचा हिशेब बसवला आणि इम्युलेटरमध्ये त्याची वेगळी ओळ घातली. नक्कल म्हणून टाकून दिली नाही. लाखो मुलं ज्या वेगाशी खेळली तो वेग त्यांनी राखून ठेवला, आणि त्यात औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीतली मुलंही होती, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी डेंडी निवडलं. तरी चित्र सरकताना बारीक धक्के येत होते, कारण संगणक अजून टीव्हीला साठ चित्रं पाठवत होता. आपल्याकडचे एचडी टीव्ही पन्नासही घेतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये साठाचे पन्नास केले आणि धक्के गेले. काकांनी पूर्ण गाणं ऐकलं, मान हलवली आणि रिमोट उचलला.

कायद्याची आणि पैशाची बाजूही मला अर्धवट सोडायची नव्हती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे आपल्या हाती असलेल्या प्रोग्रामची सुरक्षेसाठी प्रत करून ठेवायला मुभा आहे. प्लेस्टेशनच्या डिस्क विकत घेतलेल्या होत्या, त्यांचा प्रश्न नव्हता. कॅसेटी मुळातच नकला, त्यांना हे कलम कसं लागणार? कोनामीनं २०१९ साली कॉन्ट्राचा अधिकृत संग्रह काढला आहे. टँक, म्हणजे नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी, २०२० च्या नामको म्युझियम आर्काइव्हजच्या दुसऱ्या खंडात आहे. दोन्ही मी विकत घेतले. बनवणाऱ्यांपर्यंत आमच्या गल्लीतले पैसे पोचायला तीस वर्षं लागली, पण पोचले. ज्यांना शक्य आहे त्यांनी घ्यावेत, असं मी मनापासून सांगतो. पाच रुपये तासानं आपण जे घेतलं ते फार मोठं होतं.

टँक दोघांना मिळून खेळता येतो. पिवळा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा, खाली विटांच्या आत गरुड. गरुडाला गोळी लागली की खेळ संपला, मग तुमच्या कितीही लाईफ उरोत. काका खेळत होते, दुसरा रिमोट सोफ्यावर पडला होता. मी तो उचलणार एवढ्यात काकूंनी घेतला. मला तेव्हा ध्यानात आलं, की इतकी वर्षं त्या टीव्हीला पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायच्या. घड्याळ त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, पाण्याचा माठ त्यांच्याकडे. रिमोट त्यांच्या हातात मी कधी पाहिला नव्हता. काकांनीही पाहिला नसावा, कारण ते खेळायचं सोडून त्यांच्याकडे बघायला लागले आणि त्यांचा टँक उडाला.

"तुम्ही पुढं जा," काकू म्हणाल्या, "मी घर राखते." आणि त्यांनी हिरवा टँक गरुडाच्या शेजारी उभा केला. हे कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही पोरं एवढी ओरडायचात, 'घर राख, घर राख'. ऐकून पाठ झालंय." डावीकडून येणारा टँक त्यांनी वेळेत टिपला, उजवीकडचाही टिपला. तिसऱ्या स्टेजला काकांची गोळी चुकून त्यांनाच लागली आणि हिरवा टँक जागच्या जागी थिजून लुकलुकायला लागला, तसा या खेळाचा नियमच आहे. काकू चिडल्या. "मला काय मारताय? शत्रू वर आहे!"

रात्री निघताना काका दारापर्यंत आले आणि पैशांचा विषय काढणार हे दिसत होतं. त्यांना काकूंनी बोलूच दिलं नाही. मला म्हणाल्या, "ह्या रिमोटची वायर आखूड आहे रे, मान अवघडते. मला बिनवायरचा बघ एक. आणि ह्यांना वेगळा गेम लावून दे, ह्यांच्या गोळ्या मला लागतात."